लोहारद्याची पंचमी

समारंभाचे अध्यक्ष आणि टेकडी क्रीडा मंडळाचे ज्येष्ठ विश्वस्त आदरणीय शरच्चंद्रकाका पोतनीस, लोहारद्याहून इतक्या लांबून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे ठाकुरसाहेब विक्रमसिंहजी, मंडळाचे सचिव मननदादा, व्यासपीठावरील अन्य मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते आमचे शालिग्राम भिया, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या पार्वतीकाकू, सभागृहातील बंधुभगिनींनो, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मंडळाच्या मुलींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सत्कारमूर्तींचा परिचय’ असे छापले आहे. वेळ दहा मिनिटे. त्यानंतर शाल आणि श्रीफळ, त्यानंतर भियांचे मनोगत, त्यानंतर अल्पोपाहार. माझ्या हातात दोन कागद आहेत. वरचा मननदादांनी तपासून दिलेला आहे. खालचा कोणीही पाहिलेला नाही. आधी वरचा वाचते.

शालिग्राम साळुंके यांचा जन्म धारचा. त्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले ते सुतार म्हणून. तोफांच्या गाड्यांची चाके ते करीत. तोफा गेल्या, बैलगाड्या राहिल्या. पुढे त्याही गेल्या, आणि वडिलांच्या दुकानात दारे-खिडक्या होऊ लागल्या. भियांची पहिली हॉकी स्टिक वडिलांनीच बाभळीची वाकडी फांदी तासून केली होती. ती इतकी जड होती की समोरचा खेळाडू ती पाहूनच बाजूला होई. “म्हणून तर मला चकवा देणं कधी शिकावंच लागलं नाही,” असे भिया मुलींना सांगतात, आणि मुली दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसतात.

भिया मैदानावर कोणत्या जागी खेळत, हे सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. पेनल्टी कॉर्नर मिळाला की एक जण गोलरेषेवरून चेंडू जोरात बाहेर देतो, दुसरा तो वर्तुळाच्या टोकाशी थांबवतो आणि तिसरा मारतो. भिया ते दुसरे. थांबवणारे. पुऱ्या वेगाने आलेला चेंडू जागच्या जागी मेल्यासारखा थांबवायचा आणि स्वतः बाजूला व्हायचे. गोल झाला तर स्कोअरशीटवर मारणाऱ्याचे नाव येते. थांबवणाऱ्याचे कुठेच येत नाही. मी एकदा विचारले होते, याचे वाईट नाही का वाटत? ते म्हणाले, “बॉल ज्याने अंगावर घेतला, त्याचं नाव बॉलला माहीत असतं. बस.”

विद्यापीठाच्या संघातून ते तीन वर्षे खेळले, राज्याच्या संघातून दोन वर्षे. मग राष्ट्रीय शिबिराचे बोलावणे आले. शिबिराला एक महिना होता, आणि त्या महिन्यात लोहारद्याची स्पर्धा होती. ठाकुरसाहेब, आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ त्यांच्या तिथीला भरणारी ही स्पर्धा. भियांनी ती कधी चुकवली नव्हती. अंतिम सामन्यात काळ्या मातीच्या त्या मैदानावर चेंडू एका खड्यावर आपटून उसळला आणि त्यांच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटे मोडली. त्यांनी हाताला रुमाल बांधला, पुढचा कॉर्नर पुन्हा थांबवला, गोल झाला, कप इथे आपल्या देवासला आला. शिबिर गेले. बोटे वाकडी जुळली ती आजही तशीच आहेत.

पण पुढच्या वर्षी ते पुन्हा लोहारद्याला गेले, आणि त्यानंतर दर वर्षी, पुढे मुलींचा संघ घेऊन. ज्या मैदानाने असे केले तिथे जाववते कसे, असे कोणी विचारले तर म्हणत, “मैदानाचं काय चुकलं? खडा मला दिसायला हवा होता.”

आपल्या टेकडीखालच्या मैदानावर दर संध्याकाळी सरावाआधी प्रत्येक मुलगी वाकून वीस खडे वेचते, ते यामुळे. नव्या मुलींना ते झाडलोटीचे काम वाटते. भिया म्हणतात, आधी मैदान वाचायचं, मग खेळायचं. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली पाळी संपवून, डबा हातात घेऊन ते सरळ मैदानावर येत. निवृत्त झाल्यावर डबा नसे, एवढाच फरक पडला. एकतीस वर्षे त्यांनी शिकवले. पैकी सत्तावीस वर्षे मुलींना, कारण एके दिवशी तीन मुली तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या दिसल्या आणि भिया त्यांना म्हणाले, “बाहेरून काय बघताय? आत या, बॉल तरी उचलून द्या.” त्या तिघींपैकी नीतूताई आज रेल्वेत आहेत आणि पंच म्हणून शिट्टी वाजवतात. चौदा मुली राज्यासाठी खेळल्या. आई ज्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणत होती त्यांना आता लेकही भिया म्हणते.

इथे वरचा कागद संपतो. शेवटी ‘अशा या व्यक्तिमत्त्वास दीर्घायुरारोग्य लाभो’ असे एक वाक्य आहे. ते मी वाचत नाही. आता खालचा कागद घेते, आणि अध्यक्षमहाराज, दहा मिनिटांच्या वर जाण्याची परवानगी गृहीत धरते. तबकात शाल घडी घालून ठेवली आहे. एकदा ती भियांच्या खांद्यावर पडली की माझ्या बोलण्याला अर्थ उरणार नाही. म्हणून आत्ताच बोलायला हवे.

वाकड्या जुळलेल्या बोटांत लेखणी ठरत नाही, म्हणून भियांना लिहिणारे कोणीतरी लागत असे. मी दहावीपर्यंत जळगावला मामांकडे राहून मराठी माध्यमात शिकले आणि मग इथे आई-बाबांकडे आले. दम लागतो म्हणून डॉक्टरांनी संध्याकाळी मोकळ्या हवेत बसायला सांगितले होते. मी मैदानाच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसे. एक दिवस भिया समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, वाचता येतं तर लिहिताही येत असेल. ही हजेरी धर.” त्या दिवसापासून हजेरीची वही, संघाची यादी, स्पर्धांच्या तारखा, सारे माझ्याकडे आले. सहा वर्षे. मुली मला किताबी म्हणतात. सामना बरोबरीत अडकला की रुची मैदानातून ओरडून विचारायची, “ए किताबी, पंचांग देख के बता, गोल कब होगा?” मला त्याचा राग येत नसे. माझी चूक कधी होत नाही, असा त्या थट्टेचा अर्थ मी लावत असे.

गणपती उठल्यावर ठाकुरसाहेबांचा फोन आला. लोहारद्याला छापील पत्रिकेची पद्धत नाही; दर वर्षी फोन येतो आणि तिथी सांगितली जाते. आजवर तारीख भिया स्वतःच सांगत आणि मी फक्त लिहीत असे; या वर्षी फोन ठेवून ते मला म्हणाले, “अगहन बदी पंचमी. तारीख काढून ठेव.”

अगहन म्हणजे मार्गशीर्ष, बदी म्हणजे वद्य, एवढे मला माहीत होते. जळगावहून आणलेले पंचांग मी उघडले, मार्गशीर्ष वद्य पंचमीवर बोट ठेवले आणि डिसेंबरातली तारीख वहीत लिहिली. भिया वहीकडे पाहत राहिले. म्हणाले, “एवढी उशिरा? दिवाळीनंतर वीसेक दिवसांत असते, बाई. माझ्या बापाची तिथी त्याच दिवशी पडते. घरी पान वाढून आम्ही पहाटेची बागलीची बस धरतो, पुढे जीप.”

मी त्यांना काय उत्तर दिले, ते मला शब्दशः आठवते. मी म्हटले, “भिया, तुमच्या वडिलांची तिथी कार्तिक वद्य पंचमी. ही मार्गशीर्षातली. तुम्ही दोन्हींची गल्लत करताय. हे बघा, छापलंय.”

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “छापलंय म्हणजे बरोबर असेल. मी आपला अंदाजाने चालणारा माणूस.”

सभागृहातल्या वडीलधाऱ्यांच्या लक्षात माझी चूक आलीच असेल. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो. इथल्या माळव्यातल्या लोकांचा पौर्णिमेला. म्हणून पंधरवडा वद्य असला की दिवस एकच असतो आणि महिन्याची नावे दोन. ज्या पंचमीला आपण कार्तिक म्हणून श्राद्धाचे पान वाढतो, तिलाच लोहारद्यात अगहन म्हणतात. हे मला कोणी शिकवले नव्हते, कारण जळगावला त्याची गरज पडत नाही. पण भियांना ते शिकवण्याची कोणाला गरजच नव्हती. चाळीस वर्षे त्यांच्या पायांना ते ठाऊक होते. आणि मी, ज्या बाईला त्यांनी हजेरी धरायला दिली होती तिने, छापील कागद दाखवून त्यांना चूक ठरवले.

कार्तिक वद्य पंचमीला सकाळी दहा वाजता मी मंडळाच्या खोलीत वही भरत होते. मुली शाळेत होत्या. भिया जाळी दुरुस्त करत होते. फोन वाजला. ठाकुरसाहेब, आपलाच आवाज होता, मला बाजूला बसून ऐकू आला: “भिया, कहाँ रह गए? तुम्हारी टीम का नाम दो बार पुकार लिया.”

भियांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. मैदानावर चेंडू कुठून येतो आहे ते पाहावे, तसे. मग फोनवर म्हणाले, “मेरी भूल हो गई, विक्रमसिंह. उमर हो गई अब. याद नहीं रहा.”

बाद फेरीची स्पर्धा. एक सामना सोडला की संपले. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला, वाकड्या बोटांचा. “कोणाला सांगायचं नाही,” ते म्हणाले. “मुली तुला मैदानात उभं राहू देणार नाहीत. आणि तुला दुसरं जायला कुठे आहे? थांबवणाऱ्याचं काम काय असतं, बाई? बॉल अंगावर घ्यायचा. मारला कोणी, ते नंतर.” आणि पुन्हा जाळी विणू लागले.

मी ऐकले. मला ऐकायचेच होते, म्हणून ऐकले.

आता रुचीबद्दल. रुची, तू मागे उभी आहेस, पाळीवरून सरळ आली आहेस, तुझ्या हातावर अजून खोक्यांच्या चिकटपट्टीचा डिंक असेल. मी बोलते आहे याचा तुला राग येईल, तो येऊ दे. भियांनी आपल्यासारखी थांबवणारी एकच मुलगी घडवली, ती रुची. सरकारी क्रीडा वसतिगृहाचे निवडकर्ते मुलींचे सामने पाहायला वर्षातून एकदा आपल्या जिल्ह्यात येतात, ते लोहारद्याला. एकतीस डिसेंबरला रुचीला एकोणीस वर्षे पूर्ण झाली. वयाची अट तिथे संपते. तिच्या वडिलांनी शब्द दिला होता, वसतिगृहात निवड झाली तर खेळ, नाहीतर कारखाना. आज ती खोकी भरते. उभे राहून आठ तास.

त्या दिवशी संध्याकाळी भियांनी मुलींना गोलात बसवून सांगितले, माझ्याकडून तारीख चुकली. मग रुची उठली, तिने वेचलेले खडे मुठीतून खाली टाकले आणि म्हणाली, “भिया, मेरी उमर तो आपको याद थी. तारीख याद नहीं रही?”

भियांनी मान खाली घातली. त्यांच्यापासून दोन हातांवर मी वही घेऊन उभी होते. त्या क्षणी एक वाक्य पुरेसे होते. ते वाक्य मी आज तीन महिन्यांनी बोलते आहे. तेव्हापासून रुची मैदानावर आलेली नाही आणि भियांशी बोललेली नाही.

पुढचे आपण सारे जाणता. गोष्ट मंडळात पोहोचली. बैठक झाली. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, हे मी साक्षीने सांगते, कारण इतिवृत्त लिहायला मीच बसले होते. कोणी म्हणाले, आज तारीख विसरले, उद्या एखाद्या मुलीला स्टँडवर विसरतील. शरच्चंद्रकाका, आपण म्हणालात, माणूस मोठा आहे, त्याला मानाने मोकळे करू. ठराव क्रमांक सात मंजूर झाला. त्यातले शब्द आपल्याला आठवतात का? ‘वयोमानपरत्वे येणाऱ्या विस्मरणामुळे श्री. साळुंके यांना सन्मानपूर्वक जबाबदारीतून मुक्त करण्यात येत असून, पर्यायी व्यवस्था होईपर्यंत मुलींचा सराव स्थगित ठेवण्यात येत आहे.’ मननदादा म्हणाले, आरोहीची भाषा किती स्वच्छ आहे. सर्वांनी माना डोलावल्या. ते शब्द माझे आहेत. चूक माझी, ती झाकणारे मौन माझे, आणि ज्या वाक्याने भियांना मैदानाबाहेर काढले त्याचे सारे अलंकारही माझे.

पर्यायी व्यवस्था झालेली नाही. होणारही नाही, कारण बिनपगारी शिकवायला कोणी येत नाही. मैदानावर तीन आठवड्यांपासून मुली नाहीत. सोमवारी भिया आणि पार्वतीकाकू धारला धाकट्या भावाकडे राहायला जात आहेत. भांडी पोत्यांत बांधून झाली आहेत. मी काल पाहिली.

काल मी हे पार्वतीकाकूंना सांगायला गेले होते. महिन्यांचा हिशेब त्यांनीच मला समजावला, अगदी शांतपणे, तांदूळ निवडता निवडता. मग म्हणाल्या, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. यांनी शपथ घातली, म्हणून गप्प.” आणि मग जे म्हणाल्या, त्यासाठी मी आज इथे उभी आहे. म्हणाल्या, “आता हे खरंच विसरायला लागलेत. कुलूप लावतात आणि तीनदा परत येऊन ओढून बघतात. सकाळी उठून मला वार विचारतात. म्हणतात, एवढे सगळे म्हणतात म्हणजे असेलच काहीतरी.”

ज्या माणसाची आठवण या सभागृहातल्या प्रत्येकापेक्षा शाबूत होती, त्याला आम्ही मिळून विसराळू केले. पहिला चेंडू मी मारला होता. तो त्यांनी अंगावर घेतला. पण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी मोडलेले बोट रुमाल बांधून चालते. बासष्टाव्या वर्षी मोडलेला विश्वास कशाने बांधायचा, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

ठाकुरसाहेब, आपल्याला एकच विचारायचे आहे. चाळीस वर्षांत शालिग्राम साळुंके लोहारद्याला एकदा तरी उशिरा आले होते का? आपण मान हलवत आहात. ती सर्वांनी पाहावी.

शरच्चंद्रकाका, मी जळगावला जाण्याआधी आपल्या मांडीवर खेळलेली मुलगी आहे आणि आपल्यासमोर कधी मोठ्याने बोललेली नाही. ठराव क्रमांक सात चुकीच्या माहितीवर झाला आहे. तो मागे घ्यावा, अशी मी हात जोडून विनंती करते. माझ्याकडून हजेरीची वही काढून घ्या, मंडळातून काढा, ते योग्यच होईल. पण शालीची घडी मोडू नका. नाही जमले, तर निदान इतिवृत्तात खरे कारण लिहून घ्या, म्हणजे धारला जाणारा माणूस आपल्याला वार आठवतो, एवढे तरी घेऊन जाईल.

रुचीचे वय मात्र कोणत्याही ठरावाने मागे येणार नाही. ते मला माहीत आहे. त्याबद्दल मी कोणाकडे काय मागू?

कागद संपत आला. रीतीप्रमाणे आभार मानायला हवेत. ठाकुरसाहेब एवढे अंतर कापून आले, त्यांचे. इथल्या मराठी समाजाने सभागृह दिले, त्यांचे. पार्वतीकाकू, तुम्ही काल मला चहा पाजल्याशिवाय जाऊ दिले नाही, तुमचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. बोलताना काही कमी-जास्त झाले असल्यास पदरात घ्यावे, असे अशा वेळी म्हणतात. आज बोलण्यात कमी-जास्त झालेले नाही. जे झाले ते तीन महिने न बोलण्यात झाले, आणि त्याची क्षमा मी या सभेकडे मागते. भिया, तुमच्याकडे मागत नाही. तुम्ही ती फोन ठेवण्याआधीच देऊन टाकली होती, आणि तीच मला पेलत नाही.

सर्वांत शेवटी तुझ्याकडे, रुची. क्षमा केली नाहीस तरी चालेल. फक्त एवढे ऐक आणि मग हवे तर दार ओढून जा. भियांना तुझे वय आठवत होते. तारीखही आठवत होती. मी त्यांना ती खोडायला लावली.